‘सायको’च्या घरगुती आवृत्त्या जमवणे आणि पडताळणे: कामाचा क्रम, कसोट्या आणि नेहमीच्या चुका

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९६० सालच्या ‘सायको’च्या दोन डिस्क शेजारी ठेवल्या आणि एकीच्या वेष्टनावर १०९ मिनिटे, तर दुसरीच्या वेष्टनावर १०४ मिनिटे असे छापलेले दिसले, की बहुतेक संग्राहक दुसरी प्रत कापलेली आहे असे ठरवून मोकळे होतात. हा निष्कर्ष चुकीचा असतो. त्या साडेचार-पाच मिनिटांचे कारण कात्री नसून दूरचित्रवाणीच्या पद्धतीतील फरक हे असते. या चित्रपटावर जी कात्री खरोखर चालली ती जेमतेम काही सेकंदांची आहे आणि वेष्टनावरील आकड्यात ती कधीच सापडत नाही.

अशा चुका माहितीच्या अभावापेक्षा कामाचा क्रम उलटा धरल्यामुळे अधिक होतात. आधी खरेदी, मग चित्राच्या स्पष्टपणावर वाद आणि सर्वांत शेवटी हातात नेमकी कोणती प्रत आहे याचा शोध, असा तो उलटा क्रम. या लेखात आधी प्रत ओळखणे, मग कालावधी, मग चित्रपटाचे रूप (मूळ लांबीचे की छाटलेले), मग चौकट (पडद्यावरील चित्राची रुंदी-उंची) आणि त्यानंतरच चित्र व आवाज असा क्रम धरला आहे. खरेदीचा विचार शेवटी येतो. उदाहरण ‘सायको’चे असले, तरी त्या काळच्या कोणत्याही कृष्णधवल थरारपटाला हीच रीत लावता येते. पुढे प्रसंगांचे तपशील उघड येणार आहेत, म्हणून ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो मिळेल त्या प्रतीतून पाहून घ्यावा.

## १. नोंदवही आधी, डिस्क नंतर

पहिली प्रत हातात येण्यापूर्वी एक तक्ता तयार करावा. तो संगणकावर असो वा वहीत, त्यात पुढील रकाने हवेतच: देश, वेष्टनावरील वर्ष, माध्यम, पॅल की एनटीएससी (दूरचित्रवाणीच्या दोन पद्धती), विभाग-क्रमांक (डिस्क जगाच्या कोणत्या भागातील प्लेअरवर चालते त्याची खूण), बारकोड, डिस्कच्या आतल्या कड्यावरील कोरीव क्रमांक, वेष्टनावर छापलेला कालावधी, प्रत्यक्ष मोजलेला कालावधी, चौकटीचे प्रमाण, आवाजाचे मार्ग, चित्रपटाचे रूप आणि पूरक साहित्य.

छापलेला आणि मोजलेला कालावधी यांचे रकाने मुद्दाम वेगळे ठेवावेत. वेष्टनावरचा मजकूर अनेकदा जुन्या वेष्टनावरून जसाच्या तसा उचललेला असतो, त्यामुळे छापील आकडा पुरावा म्हणून वापरता येत नाही. तो फक्त प्रत ओळखण्याची खूण म्हणून उपयोगी पडतो.

याच वेळी आपल्याला काय हवे आहे तेही ठरवून टाकावे. ज्याला या चित्रपटाचे उत्तम दिसणारे एकच रूप हवे आहे आणि ज्याला व्हीएचएसपासून फोर-केपर्यंतचा प्रवास जमवायचा आहे, त्या दोघांची यादी आणि खर्च यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हे न ठरवता सुरुवात करणाऱ्याच्या कपाटात वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली एकच डिस्क तीनदा येते.

## २. हातातील प्रत ओळखणे

मुखपृष्ठावरून आवृत्ती ओळखू नये. एकच डिस्क नव्या मुखपृष्ठासह, संचातून, टिनच्या डब्यातून किंवा वर्धापनदिनाची पट्टी लावून पुन्हा पुन्हा विकली जाते. उलट, मुखपृष्ठ तेच राहून आतली डिस्क बदललेली असण्याची उदाहरणेही आहेत.

डिस्क उजेडात तिरकी धरून मधल्या छिद्राभोवतीचे आरशासारखे कडे पाहावे. तेथे अक्षरे आणि अंक कोरलेले असतात आणि प्रतीची खरी ओळख तीच असते. अधिकृत कारखान्यात छापलेल्या डिस्कवर बहुधा ‘आयएफपीआय’ (ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे लघुरूप) ही अक्षरे आणि त्यापुढे संकेतांक दिसतो. हे सर्व भिंगातून पाहून अक्षरशः उतरवून घ्यावे. दोन प्रतींचे कोरीव क्रमांक जुळले, तर त्यांची वेष्टने कितीही वेगळी असली तरी तुलनेसाठी ती एकच प्रत समजावी.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेल्या डिस्कच्या बाबतीत ही तपासणी अधिकच कसोशीने करावी. डिस्कची खालची बाजू जांभळट दिसत असेल, कड्यावर काहीच कोरलेले नसेल आणि वरचे चित्र चिकटवलेल्या कागदाचे असेल, तर ती घरगुती यंत्रावर भरलेली नक्कल असते. भारतात अधिकृतपणे विक्रीस आलेल्या प्रतीच्या वेष्टनावर सेन्सॉर प्रमाणपत्राची माहिती असायला हवी. ती असल्यास नोंदवहीत उतरवावी, कारण भारतीय प्रत परदेशी प्रतीशी दृश्यागणिक जुळतेच असे गृहीत धरता येत नाही.

विभागाचा प्रश्नही येथेच उरकावा. डीव्हीडीच्या जगात भारत विभाग ५ मध्ये आणि अमेरिका विभाग १ मध्ये येते. ब्लू-रेच्या विभागणीत भारत ‘सी’मध्ये, अमेरिका ‘ए’मध्ये आणि ब्रिटन ‘बी’मध्ये आहे. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कना विभागाचे बंधन नसते, पण त्याच खोक्यात येणाऱ्या साध्या ब्लू-रेला ते असू शकते. अमेरिकेतील नातेवाइकांकडून डिस्क मागवणाऱ्यांची फसगत नेमकी येथे होते.

तपासणी: कोरीव क्रमांक, विभाग आणि पॅल-एनटीएससी हे तीन रकाने भरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## ३. कालावधीचे गणित

चित्रपटगृहात चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चालतो. पॅल पद्धत सेकंदाला २५ चौकटींची आहे, म्हणून पॅल डीव्हीडी करताना चित्रपट बहुधा तेवढाच वेगवान केला जातो. परिणामी १०९ मिनिटांना २४ ने गुणून २५ ने भागले की साधारण १०४.६ मिनिटे उरतात. १०४ आणि १०९ या आकड्यांमधील सगळे कोडे एवढेच आहे. एनटीएससी डीव्हीडीत वेग जवळजवळ मूळ राहतो, पण २४ चौकटी तेथील पद्धतीत बसवण्यासाठी काही अर्धचौकटी (चौकटीतील एकाआड एक ओळी) पुन्हा दाखवल्या जातात आणि त्यामुळे कॅमेरा आडवा फिरताना किंचित अडखळ जाणवते. ब्लू-रे आणि फोर-के या चित्रपटासाठी सरळ २४ चौकटींवर चालतात.

कालावधी मोजताना डिस्क लावून घड्याळ पाहत बसू नये. संगणकावर मीडियाइन्फोसारख्या साधनाने मुख्य चित्रफितीचा कालावधी सेकंदांपर्यंत वाचून घ्यावा. नंतर अखेरच्या काळ्या पडद्याचे आणि वितरकाच्या नव्या बोधचिन्हाचे सेकंद वजा करावेत, कारण वेगवेगळ्या आवृत्त्यांना वेगवेगळी बोधचिन्हे जोडलेली असतात. सर्व आकडे २४ चौकटींच्या वेगावर आणून मगच शेजारी लिहावेत.

इशारा: पॅल प्रतीचा आकडा २५ ने गुणून २४ ने भागल्यावर १०९ च्या आसपास आला, तर ती प्रत पूर्ण आहे असे सिद्ध होत नाही. फक्त त्यात कित्येक मिनिटांची मोठी काटछाट नाही एवढेच कळते.

## ४. चित्रपटाचे रूप: तीन जागा

‘सायको’चे दोन प्रकार घरगुती माध्यमांत फिरतात. अमेरिकेत अनेक वर्षे डीव्हीडीवर आणि २०१० च्या ब्लू-रेवर मिळत राहिले ते किंचित छाटलेले रूप. जर्मनीत दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेलेल्या प्रतीत काही जादा क्षण होते, हे जाणत्या संग्राहकांना ठाऊक होते. २०२० साली युनिव्हर्सलने हिचकॉक यांच्या चार चित्रपटांच्या फोर-के संचात ‘सायको’ आणला, तेव्हा मूळ लांबीचे आणि छाटलेले अशी दोन्ही रूपे एकत्र दिली.

फरक तीन ठिकाणी शोधावा. नॉर्मन बेट्स भिंतीतील छिद्रातून पाहत असताना मॅरियन कपडे उतरवते तो क्षण मूळ रूपात थोडा अधिक लांबतो. खुनानंतर नॉर्मन आपल्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहतो तेव्हा कॅमेरा त्या हातांवर अधिक वेळ थांबतो. आणि गुप्तहेर आर्बोगास्ट जिन्याच्या पायथ्याशी कोसळल्यावर त्याच्यावर चाकूचे अधिक वार होतात. तिन्ही ठिकाणचे जादा क्षण एकत्र केले तरी ते सेकंदांतच मोजावे लागतात.

पडताळणीची पद्धत अशी. आर्बोगास्टच्या प्रसंगापासून सुरुवात करावी, कारण तेथे संशयाला सर्वांत कमी जागा असते: पात्र जमिनीवर पडल्यापासून प्रसंग काळोखात विरेपर्यंत हात किती वेळा उठतो ते मोजावे. मग हातांचा आणि शेवटी छिद्राचा प्रसंग पाहावा. तिन्ही ठिकाणची उत्तरे नोंदवहीत स्वतंत्र लिहावीत, “पूर्ण” किंवा “अपूर्ण” असा एकच शेरा मारू नये. दूरचित्रवाणीवरून उतरवलेल्या फितींच्या बाबतीत ही खबरदारी विशेष घ्यावी, कारण वाहिन्यांनी आपल्या सोयीने वेगळ्याच जागा कापलेल्या असू शकतात.

२०२० च्या डिस्कवर रूप निवडण्याची सोय सुरुवातीलाच असते. तेथे घाईने पहिलाच पर्याय दाबणारे लोक नंतर डिस्कवर जादा क्षण नाहीत अशी तक्रार करताना आढळतात. संगणकावर पाहताना तर एकाच डिस्कवर दोन स्वतंत्र क्रमयाद्या (प्लेलिस्ट) दिसतात आणि त्यांतील योग्य यादी उघडली आहे का, हे आर्बोगास्टच्या प्रसंगावरूनच ठरवावे.

तपासणी: ज्या दोन प्रतींची चित्रतुलना करायची आहे त्यांची रूपे वेगळी असतील, तर चौकट-क्रमांकावर विसंबू नये. प्रत्येक जादा तुकड्यानंतर क्रमांक पुढे सरकत जातात. जुळणी नेहमी दृश्यातील हालचालीवरून करावी.

## ५. चौकट

चित्रपट रुंद पडद्यासाठी, म्हणजे १.८५:१ या प्रमाणासाठी रचलेला आहे. जुन्या व्हीएचएस फितींवर तो ४:३ च्या चौकोनी चौकटीत येई. तेथे बाजू कापण्याऐवजी मूळ फिल्मवरचा वरचा आणि खालचा भाग उघडा सोडलेला असल्यामुळे चित्र “जास्त” दिसते. हे पाहून जुन्या फितीत चित्रपट अधिक संपूर्ण आहे असे मानणे ही दुसरी लोकप्रिय चूक. तो जादा भाग प्रेक्षकाने पाहावा म्हणून रचलेला नव्हता. चित्रपटगृहात तो झाकला जात असे. संग्रहात अशी फीत जरूर ठेवावी, पण तिला मूळ चौकट म्हणू नये.

चौकट तपासण्यासाठी एकच स्थिर दृश्य निवडावे. मोटेलच्या बैठकीच्या खोलीतील संभाषण त्यासाठी सोयीचे आहे, कारण भिंतीवरचे पेंढा भरलेले पक्षी आणि दिव्याची कड या ठरलेल्या खुणा मिळतात. चारही कडांवर काय कापले गेले आहे ते वेगवेगळे लिहावे. वर जास्त आणि बाजूंना कमी, की चारही बाजूंनी सारखेच कमी, यावरून चौकट उघडी आहे, बदललेली आहे की फक्त टीव्ही कडा गिळत आहे हे कळते.

डीव्हीडीच्या बाबतीत आणखी एक फरक पाहावा लागतो. अमेरिकेतील १९९८ ची डीव्हीडी रुंद चौकटीची असली तरी तिचे चित्र ४:३ च्या आत काळ्या पट्ट्यांसह बसवलेले होते. २००८ च्या दोन डिस्कच्या आवृत्तीत ते अॅनामॉर्फिक पद्धतीने, म्हणजे रुंद टीव्हीची पूर्ण उंची वापरून भरले गेले. एनटीएससीच्या ४८० ओळींपैकी पहिल्या प्रकारात प्रत्यक्ष चित्राला सुमारे ३४६ ओळी मिळतात, दुसऱ्या प्रकारात सुमारे ४६१. दोन्ही वेष्टनांवर १.८५:१ असेच छापलेले असू शकते, त्यामुळे हा फरक केवळ डिस्क लावल्यावरच कळतो. नव्या टीव्हीवर पहिल्या प्रकारची डिस्क चारही बाजूंनी काळ्या पट्ट्यांच्या मध्ये छोट्या खिडकीसारखी दिसते. ती बिघडलेली नसते, फक्त जुन्या पद्धतीची असते.

## ६. उपकरणे एका पातळीवर आणणे

या टप्प्याला बहुतेकजण फाटा देतात आणि मग दोन डिस्कऐवजी टीव्हीच्या दोन मांडण्यांची तुलना करत बसतात.

टीव्हीवरील शार्पनेस शून्यावर किंवा उत्पादकाने तटस्थ म्हणून सांगितलेल्या आकड्यावर आणावा. हालचाल गुळगुळीत करणारी, आवाजाऐवजी चित्रातील “नॉइज” पुसणारी आणि खोलीच्या उजेडानुसार चित्र बदलणारी सर्व सोय बंद करावी. फिल्ममेकर किंवा सिनेमा अशी मांडणी असल्यास ती निवडावी. ओव्हरस्कॅन बंद करणे अत्यावश्यक आहे, नाहीतर टीव्ही स्वतःच चारही कडा कापतो आणि मागच्या टप्प्यातील सगळी मेहनत वाया जाते. प्लेअरवर २४ चौकटींचे आउटपुट सुरू ठेवावे.

कृष्णधवल चित्रपटाचा एक मोठा फायदा येथे मिळतो. राखाडी रंगात निळसर, हिरवट किंवा पिवळसर झाक दिसली, तर दोष बहुधा टीव्हीच्या रंगमांडणीत असतो. तीच झाक प्रत्येक डिस्कवर दिसते का ते पाहावे. एकाच डिस्कवर दिसली, तरच तिला डिस्कचा दोष म्हणावे.

संगणकावर चौकटी टिपणाऱ्यांनी काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा जुळवाव्यात. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरलेला असतो, तर संगणकाचा पडदा ० ते २५५ वापरतो. एक प्रत योग्य रूपांतरासह आणि दुसरी त्याविना टिपली, तर दुसरी धुरकट दिसते आणि मग “फिकट मास्टर” (मास्टर म्हणजे जिच्यावरून डिस्क बनते ती मूळ प्रत) अशी खोटी ख्याती त्या आवृत्तीला कायमची चिकटते.

इशारा: डिस्कवरील संरक्षण तोडून प्रत काढण्याविषयी भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आले आहे. हक्कभंगाच्या हेतूने असे करणे गुन्हा आहे. आपल्या तुलनेसाठी काही स्थिर चौकटी पुरतात. संपूर्ण चित्रपटाच्या प्रती वाटणे हा संग्रहाचा भाग नाही आणि त्याचे समर्थनही करू नये.

## ७. चित्राची तुलना

चौकटी पीएनजी स्वरूपात जतन कराव्यात. जेपेगमध्ये दाबल्याने बारीक दाणे (फिल्मचे मूळचे कण) पुसले जातात आणि नेमके तेच तपासायचे असते. टीव्हीच्या पडद्याचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र तुलनेसाठी निरुपयोगी आहे. डीव्हीडीची चौकट ब्लू-रेशेजारी ठेवायची असेल, तर ती एकाच पद्धतीने मोठी करावी आणि मूळ आकाराची प्रतही जवळ ठेवावी. प्रत्येक दृश्यातून एकच चौकट घेऊ नये: व्हिडिओच्या दाबणीत (कॉम्प्रेशनमध्ये) सगळ्या चौकटी सारख्या दर्जाच्या नसतात, त्यामुळे लागोपाठच्या चार-पाच चौकटी पाहूनच मत बनवावे.

कोणती दृश्ये घ्यावीत, हा प्रश्न बहुतेकजण सोपा समजतात आणि खुनाच्या प्रसंगावर थांबतात. वेगवेगळे दोष वेगवेगळ्या दृश्यांत पकडले जातात, म्हणून दृश्यांची निवड दोषांवरून करावी.

सॉल बास यांची श्रेयनामावली पहिली घ्यावी. पडद्यावर आडव्या-उभ्या सरकणाऱ्या राखाडी पट्ट्या म्हणजे अर्धचौकटींच्या गडबडीची आयती कसोटी आहे. पट्ट्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसल्या, तर मास्टर अर्धचौकटींच्या काळातला आहे किंवा प्लेअर चुकीच्या पद्धतीने जोडणी करत आहे. दुसऱ्या प्लेअरवर लावून यांपैकी कोणते कारण आहे ते ठरवावे.

लगेच पुढे फिनिक्स शहराचे दृश्य येते आणि कॅमेरा हॉटेलच्या खिडकीकडे सरकतो. खिडकीच्या पडद्याच्या आडव्या पट्ट्या कमी दर्जाच्या प्रतीत लुकलुकतात. येथे शहराच्या दृश्यांना जोडणारी विरणारी संक्रमणे आहेत, आणि त्या काळी अशी संक्रमणे आणि श्रेयनामावली प्रयोगशाळेत फिल्मची पुन्हा नक्कल काढून बनत. त्यामुळे विरण्याच्या वेळी चित्र मऊ आणि अधिक दाणेदार होणे हा डिस्कचा दोष नाही, तो मूळ फिल्मचाच गुण आहे. संक्रमण संपताच चित्र पुन्हा टोकदार झाले पाहिजे. तसे झाले नाही तर मात्र नोंद करावी.

काळा चश्मा घातलेला महामार्ग पोलीस मॅरियनच्या गाडीच्या खिडकीत वाकतो, ते समीपदृश्य चेहऱ्याच्या पोतासाठी घ्यावे. त्वचेची छिद्रे आणि केस दिसले पाहिजेत. गाल मेणासारखा गुळगुळीत आणि स्थिर दिसला, तर दाणे पुसण्याचे तंत्र जादा वापरले आहे. चश्म्याच्या कडेला पांढरी किनार दिसली, तर कृत्रिम टोकदारपणा आणलेला आहे. हे दोन्ही दोष एकत्र असले, की पहिल्या नजरेला ती प्रत इतरांपेक्षा “स्वच्छ” वाटते. मला विचाराल तर या एका शब्दाने जेवढ्या चांगल्या आवृत्त्या बदनाम केल्या तेवढ्या धुळीने आणि ओरखड्यांनी केल्या नाहीत. ३५ मिमी कृष्णधवल फिल्मवर दाणे असणारच. चित्र थांबवल्यावर ते दिसावेत आणि चालू असताना ते जिवंत हलत राहावेत.

पावसातील रात्रीचा प्रवास आणि दलदलीत बुडणारी गाडी ही काळोखाची कसोटी आहे. येथे दोन टोकांच्या चुका होतात: काळ्यातील तपशील गिळून टाकणे किंवा काळ्याला राखाडी करून तपशील “दाखवणे”. दलदलीच्या दृश्यात गाडीचा पांढरा पत्रा आणि भोवतालचा काळोख यांच्यामधल्या छटा मोजाव्यात. तेथे ठोकळे दिसू लागले, तर दाबणी कमी पडली आहे. न्हाणीघराच्या प्रसंगात उलट टोक पाहावे, म्हणजे फरशी आणि पडदा यांच्या पांढऱ्यात भेद उरतो की सगळे सपाट होते. तळघरात झुलणाऱ्या दिव्याखालचे दृश्यही अवश्य घ्यावे, कारण क्षणाक्षणाला बदलणारा उजेड कमकुवत दाबणीला पेलत नाही. शेवटी नॉर्मनच्या चेहऱ्यावर क्षणभर कवटी मिसळते ती चौकट पाहावी. अंधूक फितींवर ती निसटून जाते, चांगल्या प्रतीत ती थांबवून नीट पाहता येते.

फोर-केची तुलना साध्या ब्लू-रेशी करताना एक पथ्य पाळावे. फोर-के डिस्कवरील उजळपणाची मांडणी निराळी असल्यामुळे तिची चौकट साध्या संगणकाच्या पडद्यावर धुरकट दिसते. रूपांतर करून टिपली, तरी त्या रूपांतराच्या पद्धतीनुसार उजळपणा बदलतो. म्हणून स्थिर चौकटींवरून दाणे, बारकावे आणि चौकटीच्या कडा एवढेच ठरवावे. उजेड-काळोखाविषयीचे मत त्या क्षमतेच्या टीव्हीवर डिस्क चालवूनच द्यावे.

व्हीएचएस, लेसरडिस्क आणि व्हीसीडी यांना या कसोट्या लावणे अन्यायाचे ठरते. पॅल व्हीसीडीचे चित्रच मुळी ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते. या माध्यमांची नोंद चौकट, रूप आणि आवाज यांपुरती ठेवावी.

तपासणी: प्रत्येक शेऱ्यापुढे दृश्याचे नाव लिहिले आहे का ते पाहावे. “चित्र छान” किंवा “चित्र मऊ” असा दृश्याविना शेरा सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही.

## ८. आवाज

चित्रपटाचा मूळ ध्वनी मोनो आहे. २०१० च्या ब्लू-रेसाठी त्या एकाच मार्गातून संवाद, संगीत आणि इतर आवाज वेगळे काढून ५.१ मार्गांचे नवे मिश्रण तयार केले गेले. ते काम हुशारीचे आहे, पण मूळ ध्वनीच्या जागी त्याला बसवता येत नाही. डिस्कवर दोन्ही मार्ग असले तरी प्लेअर आपोआप ५.१ निवडतो आणि तुलना करणारा न कळत एका डिस्कचे मिश्रण दुसऱ्या डिस्कच्या मोनोशी ताडतो. म्हणून ऐकण्याआधी मार्ग हाताने निवडावा.

दोन्ही प्रतींच्या आवाजाची पातळी सारखी करावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो. ॲम्प्लिफायरवरील रात्रीची मांडणी आणि मोठ्या-लहान आवाजांतील अंतर कमी करणारी सोय बंद असावी.

बर्नार्ड हेरमन यांनी हे संगीत केवळ तंतुवाद्यांवर रचले आहे, त्यामुळे वरच्या पट्टीतला बिघाड येथे लपत नाही. न्हाणीघरातील किंचाळणाऱ्या व्हायोलिनचा आवाज बोथट वाटला, तर खरखर काढताना वरच्या पट्ट्याही छाटल्या गेल्या असाव्यात. तो फाटत असेल तर पातळी जादा चढवली आहे. मग लगेच पुढचा, नॉर्मन खोली साफ करतो तो जवळजवळ निःशब्द भाग ऐकावा. मंद खरखर ऐकू येणे स्वाभाविक आहे. पाण्याचा आणि पावलांचा आवाज थांबताच एकदम पोकळ शांतता होत असेल, तर गाळणी जादा झाली आहे.

पॅल डीव्हीडीवर वेग वाढल्याने सूरही सुमारे चार टक्के चढतो, म्हणजे अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी. काही डिस्कवर तो दुरुस्त केलेला असतो, काहींवर नसतो. संगीताचा कान असलेल्या मित्राला सुरुवातीचे संगीत दोन्ही प्रतींवरून ऐकवावे, निवाडा मिनिटभरात होतो.

## ९. आता खरेदी, आणि साठवण

एवढे झाल्यावर यादीतील पोकळ्या स्वतःच दिसू लागतात आणि त्याच भराव्यात. केवळ उत्तम चित्र आणि दोन्ही रूपे हवी असतील, तर २०२० ची फोर-के आवृत्ती पुरते. आवृत्त्यांचा इतिहास हवा असेल, तर १९९८ ची डीव्हीडी, २००८ ची दोन डिस्कची आवृत्ती, २०१० ची ब्लू-रे, एखादी पॅल प्रत आणि एक चौकोनी चौकटीची फीत एवढ्यांनी जवळपास सगळे मुद्दे हाताशी येतात. जुनी आवृत्ती विकण्यापूर्वी तिच्यावरील पूरक साहित्य नव्या आवृत्तीत आले आहे का ते एकेक नाव ताडून पाहावे. चित्रपटाच्या निर्मितीवरचा १९९७ चा दीड तासाचा माहितीपट, या चित्रपटाच्या निर्मितीवर पुस्तक लिहिणारे स्टीफन रेबेलो यांचे भाष्य आणि न्हाणीघराचा प्रसंग संगीतासह व संगीताविना दाखवणारा तुकडा हे या चित्रपटाच्या बाबतीत खास ताडून पाहावेत.

विक्रेत्याकडे वेष्टनाच्या छायाचित्राऐवजी कोरीव कड्याचे आणि बारकोडचे छायाचित्र मागावे. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच किंमत ताडावी, नाहीतर स्वस्त दिसणारी जुनी डीव्हीडी नव्या फोर-केच्या भावात पडते.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवा फितींची शत्रू आहे. फितीच्या खिडकीतून पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले, तर ती बुरशी असते. अशी फीत व्हीसीआरमध्ये घालू नये, कारण बुरशी यंत्रात पसरून पुढच्या प्रत्येक फितीवर बसते. तिला वेगळ्या पिशवीत बंद करून जाणकाराकडून साफ करून घ्यावे. डिस्क उभ्या, मूळ डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि त्या पुड्या पावसाळ्यात बदलाव्यात. पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. लेसरडिस्कवर चालू चित्रात रंगीत ठिपक्यांचा पाऊस दिसू लागला, तर आतला थर सडू लागला आहे. त्यावर उपाय नाही, म्हणून तिच्यावरचे जे तुलनेसाठी हवे असेल ते आधी टिपून घ्यावे आणि नोंदवहीत त्या तारखेसह “थर सडत आहे” असे लिहावे.